पुतण्याच्या नावावरचा गोल

आमच्या हॉकी क्लबचा इतिहास कुणी लिहिला नाही, हे एका परीनं बरंच झालं. लिहिला असता तर ज्यांनी जन्मात स्टिक फक्त कुत्रं हाकलायला उचलली, त्यांचे फोटो पहिल्या पानावर आले असते. आणि मी कुठंच सापडलो नसतो.

क्लब काढला चाचांनी. ते मालगाडीचे गार्ड. निवृत्त झाल्यावर दौंड स्टेशनपलीकडच्या मुरमाड मैदानावर त्यांनी आम्हा पंधरा-वीस पोरांना गोळा केलं. मोडक्या स्टिका ते स्वतः सरस लावून, सुतळी गुंडाळून जोडायचे. एकदा टीव्हीवर रशियाकडच्या कुठल्याशा देशातली बर्फावरची हॉकी लागली होती. चाचा बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "यांना पडलं तर गार तरी लागतं. माझी पोरं मुरमावर पडतात." आमचे गुडघे ज्यानं पाहिले असतील त्याला हे पटेल.

चाचांचे पाय थकले तसे आप्पा अध्यक्ष झाले. आप्पा नदीपलीकडचे, शिरूर तालुक्यातले बागायतदार आणि सोसायटीचे चेअरमन. हॉकीत किती माणसं खेळतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्यांनी नवे टी-शर्ट दिले, स्पर्धेला जायला जीप दिली, आणि आम्ही हुरळून गेलो. आयत्या बिळात नागोबा शिरला होता आणि आम्हीच त्याला दूध पाजत होतो.

त्याच साली आम्ही राज्य स्पर्धेला निघालो. खेळाडूंची यादी जायच्या आदल्या आठवड्यात आप्पांनी मला वाड्यावर नव्हे, पेट्रोल पंपावर गाठलं.

"औंदा तू माझ्या पुतण्याच्या नावानं उतर. पोलीस भरतीला त्याला सर्टिफिकेट पायजे. फुडल्या साली तुझं नाव पयलं. शब्द हाय माझा."

"आन् न्हाई म्हणलो तर?"

"तर दुसरा कुणीतरी उतरंल."

मी हो म्हणालो. कुणी मला बांधून नेलं नव्हतं. मला खेळायचं होतं, आणि नाव पुढच्या वर्षी मिळणारच होतं. ओळखपत्रावर फोटो माझा चिकटला, नाव पुतण्याचं पडलं. पुतण्या तेव्हा घरी झोपला असेल.

चाचांना यातलं काही माहीत नव्हतं. शेवटच्या सामन्याला ते कुणाला न सांगता पॅसेंजरनं आले आणि कठड्यापाशी उभे राहिले. दुसऱ्या हाफमध्ये मी गोल केला. असा गोल मी पुन्हा कधी केला नाही. लाउडस्पीकरवर पुतण्याचं नाव घुमलं. चाचा तडक पंचांच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, नाव चुकलं. ये मेरा बच्चा है. हातात स्टिक मी दिलीये त्याच्या."

खेळ थांबला. अधिकाऱ्यानं मला बोलावलं. ओळखपत्र बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आप्पा शेजारीच उभे होते.

मी म्हणालो, "चाचांचं वय झालंय साहेब. त्यांना माणसं ओळखू येत नाहीत."

अधिकाऱ्यानं ते कागदावर लिहून घेतलं. त्याखाली मी पुतण्याच्या नावानं सही केली. पिशवी उचलून चाचा सामना संपायच्या आत स्टेशनकडं चालू लागले. आम्ही जिंकलो आणि मला लोकांनी खांद्यावर घेतलं. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पुतण्या भरती झाला. पुढच्या साली यादीच निघाली नाही. गरज सरो, वैद्य मरो. आप्पांनी जीप बंद केली, मैदानावर लग्नाचे मांडव पडू लागले, आणि क्लब कुणी बंद न करताच बंद पडला. पोरं कारेगावच्या कंपन्यांत कंत्राटी कामाला लागली. मीही शिक्रापुरात तिघांत एक खोली घेतली आणि पॅकिंगला लागलो. एकदा हायवेवरच्या चौकात पुतण्या खाकीत भेटला. हसून म्हणाला, "काय हिरो, खेळतो का न्हाई अजून?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी हसलोच.

भरतीचं माझं वय संपायच्या साली मी खेळाडूंच्या जागेसाठी कचेरीत गेलो. प्रमाणपत्र नव्हतंच. कारकून म्हणाला, "त्या वेळच्या कोचचं लेखी आणा. रेकॉर्ड काढून ताडून बघू."

इतक्या वर्षांनी मी चाचांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी आत बोलावलं, बसवलं, चहा सांगितला. मी काम सांगितलं. ते लगेच उठले, चष्मा लावला, कागद आणि पेन घेऊन समोर बसले. तारीख घातली आणि थांबले.

"मी देतो रे लिवून. पर ते रेकॉर्ड काढतील ना? त्यात तू सही केलेला कागद निघंल. चाचाला माणसं ओळखू येत न्हाईत म्हणून. मग माझी सही कोण मानंल?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता. ते खरंच कपाळाला आठ्या घालून माझ्यासाठी वाट शोधत होते. "दुसरं कसं लिवू, सांग," असं त्यांनी दोनदा विचारलं.

मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. त्या घरी मी कागद मागायला आलो होतो. माफी मागायला मी कधीच आलो नव्हतो, हे मला तिथं, त्यांच्यासमोर बसल्यावर कळलं.