वेढे कमी केल्यावर

कडोलीचा परशराम म्हणजे मोटारी भरण्यात एक नंबर गडी. बेळगावच्या उद्यमबागेत पंपाच्या जळक्या मोटारी उलगडायच्या आणि नव्या तारेनं भरायच्या, यात त्याचा जन्म गेला. घरी बायको, जयाबाई, हातचक्रावर रेडिओच्या बारीक कॉइली गुंडाळायची. चौऱ्याऐंशी साली तिचा उजवा खांदा पार गेला. डॉक्टरनं बजावलं, आता चक्र फिरवाल तर डाव्याचीही तीच गत होईल.

म्हणून चक्र फिरवायला परशरामानं भंगारातून एक स्टेपर मोटार आणली. हिची तऱ्हाच वेगळी! सलग फिरायचं नाव नाही, आतल्या कॉइलींना पाळीनं वीज मिळेल तसं एकेक पाऊल टाकत जायची आणि सांगाल त्या पावलाला थांबायची. पण वेग वाढवला की जागच्या जागी नुसती गुरगुरत थरथरायची.

"ताकद कमी पडतिया, दुसरं काय!" तो म्हणाला. पंपवाल्याचं डोकं ते. पंधरा दिवस खपून त्यानं बारीक तारेचे दुप्पट वेढे भरले. आणि झालं काय? सावकाश चालवली तर रेड्यासारखी ओढायची, पण वेग होता त्याच्याही निम्म्यावर आला!

इकडं जयाबाई चोरून डाव्या हातानं चक्र फिरवायची. त्याला ते कळायचं, पण बोलायला तोंड कुठं होतं?

एका दुपारी तो भावाच्या बटाट्याला पाणी पाजत होता. ऊन उबदार, पाण्याचा संथ आवाज, डोळ्यांवर झापड. मोठा वाफा काही भरेना, आणि तंद्रीत यानं पुढच्या वाफ्याचं दार मोडून पाणी तिकडं वळवलं. दोन्ही अर्धेच राहिले.

"आरं तिच्या!" तो बांधावरच बसला. वेढे जास्त, म्हणजे कॉइलमध्ये वीज भरायला वेळ जास्त. ती भरायच्या आतच सर्किट पुढच्या कॉइलकडं वळतंय. मग पावलाला जोर येणार कुठनं? पाणी भलतीकडंच चाललं होतं, त्याला पत्ता नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढं मोटार फिरत होती, हलकी, गुणगुणत.

घरी येऊन त्यानं सगळं उलगडलं. जाड तार, थोडे वेढे. वीज झपकन शिरावी म्हणून व्होल्टेज चौपट केलं, आणि मोटार जळू नये म्हणून वाटेत जादा वीज अडवायला विजेच्या शेगडीच्या तापणाऱ्या स्प्रिंगचा तुकडा जोडला. सुरुवात हळू, मग वेग वाढवत नेला. मोटार सुसाट सुटली!

जयाबाई बघतच राहिली. आता ही हसेल, म्हणून तो तिच्या तोंडाकडं बघत होता.

"डावा वाचला म्हणायचा," ती म्हणाली. "पर उजवा धड हुता तवा का न्हाय वो सुचलं तुमास्नी?"

परशरामानं बटण बंद केलं.