कुंपणराव

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लोकांची बोलणी खायची सवय असते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतला माणूस ओरडतो, बाहेरचा ओरडतो, आणि ती सुरू झाली की दोघंही एक होऊन दुरुस्तीवाल्यावर ओरडतात, जणू त्यानेच ती मुद्दाम धरून ठेवली होती. आमचा लिफ्टवाला हे सगळं मान खाली घालून ऐकायचा आणि हातातला पाना पुसत पुढच्या इमारतीकडे चालू लागायचा. त्याची बायको म्हणायची, "तुम्हाला कुणी तुडवून गेला ना, तर तुम्ही त्यालाच विचाराल, पायाला लागलं नाही ना म्हणून."

त्यामुळे शाळांच्या स्पर्धेत लांब उडीच्या खड्ड्याजवळचं कुंपण ओलांडून जो माणूस आत घुसला तो हाच, हे ओळखीच्यांना आधी खरंच वाटेना.

उडी त्याच्या मुलीची होती. सहावीतली पोर, काटक, लांब वेणीची. शेवटच्या उडीला ती धावत आली, लाकडी पट्ट्यावर पाय देऊन उडाली आणि पार पुढे वाळूत पडली. कुंपणाबाहेरून बघणाऱ्या बापाला ती उडी सगळ्यांत लांब दिसली. आणि पट्ट्याशेजारी खुर्चीवर बसलेल्या पंचबाईंनी लाल झेंडी वर केली. म्हणजे पाय पट्ट्यापलीकडे पडला, उडी बाद.

त्यानंतर त्याच्या अंगात काय संचारलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तो कुंपणावरून उडी टाकून आत गेला आणि बाईंच्या हातातली झेंडी हिसकावून घेतली. "डोळे फुटलेत का तुमचे?" असं म्हणून त्याने झेंडीची काठी गुडघ्यावर मोडली. बाई उठल्याही नाहीत. त्यांनी फक्त बोटाने खाली दाखवलं. लाकडी पट्ट्याला लागून मऊ प्लॅस्टिसिनची पट्टी असते, पाय जरा जरी पुढे गेला तरी तिच्यावर वळ उठावा म्हणून. तिच्यावर बुटाच्या खिळ्यांची भोकं स्पष्ट उमटली होती. त्याला ती दिसली. दिसूनही तो ओरडतच राहिला.

तेवढ्यात मुलगी वाळूतून उठून त्याच्याजवळ आली. त्याचा हात धरून म्हणाली, "बाबा, पडला होता माझा पाय. मला कळलं होतं."

तो म्हणाला, "तू गप्प बस. तुला काय कळतंय?" आणि तिचा हात झटकला.

एवढंच. मग दोन स्वयंसेवक आले आणि त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. घरी येताना मुलगी रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालली. दारात आईने विचारलं, "कशी झाली स्पर्धा?" तर "बाबांना विचार," म्हणून ती आत गेली आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. त्याने बायकोला अर्धंच सांगितलं. उरलेलं तिला भाजीवाल्याकडून कळलं.

नंतरचे दिवस त्याचे त्यालाच नकोसे झाले. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उभं राहून तो तारांना वंगण लावत असे आणि मध्येच काठी मोडल्याचा तो आवाज आठवे. मग त्याच्या तोंडून आपोआप काहीतरी गुणगुणणं सुरू व्हायचं, मोठ्याने, आठवण झाकायला. इमारतीतली माणसं म्हणायची, आज लिफ्टवाले खुशीत दिसतात.

शेवटी त्याने सुताराकडून आणलेल्या लाकडाच्या तुकड्यातून एक काठी तासली, पॉलिश केली आणि मैदानावर गेला. पंचबाई तिथेच होत्या. आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणत. निवृत्त झाल्यावर फुकट उन्हात उभं राहायला त्या दर स्पर्धेला येत.

"चुकलं माझं," तो म्हणाला. पुढचं सगळं पाठ केलेलं होतं, पण त्याऐवजी त्याने काठीच पुढे केली.

सिस्टरनी काठी हातात फिरवून बघितली. "काठी आणलीत ते बरं केलंत. पण माफीचं मी काय करू? ती काही झेंडीला लावता येत नाही. रविवारी वाळू ओढायला माणूस कमी आहे. याल?"

तो गेला. दंताळं हातात धरून प्रत्येक उडीनंतर वाळू सपाट करायची, हे त्याचं पहिलं काम. आधीच्या उडीची खूण पुसली नाही तर पुढचीचं माप चुकतं, म्हणून वाकून, नीट. पंचांनी टाळ्या वाजवायच्या नसतात, कुणाला शाबासकी द्यायची नसते, कुणाला सल्ला द्यायचा नसतो. त्याला ते बरं वाटायचं. तोंड बंद ठेवायची शिक्षा आपल्याला मिळायलाच हवी होती, असं त्याला वाटे.

मग त्याला टेपचं शून्याकडचं टोक मिळालं. वाळूतली पट्ट्याच्या सर्वांत जवळची खूण शोधायची आणि टोक तिथे धरायचं. मग सिस्टरनी त्याला परीक्षेला बसवलं. तोंडी परीक्षेत एका साहेबांनी विचारलं, "खेळाडू पुढे पडली, पण तिची वेणी मागे वाळूला लागली. मोजणार कुठून?"

"वेणीपासून. वेणीपण तिचीच."

साहेब हसले आणि तो पास झाला. वरच्या परीक्षेत दोनदा आपटला, कारण लेखी उत्तरांत तो नियम बरोबर लिहून पुढे कारणं लिहीत बसायचा आणि वेळ संपायचा. तिसऱ्या वेळी निभावलं. हळूहळू तो पट्ट्याजवळच्या खुर्चीवर आला, मग खड्ड्याचा मुख्य पंच झाला, मग बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धांना त्याला बोलावणी येऊ लागली. निळा कोट मिळाला. बायकोने तो इस्त्री करून दारामागे टांगला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दार लावून दाखवू लागली.

नाव मात्र पहिल्या रविवारीच पडलं होतं. कुंपणराव. "कुंपणराव, आज फाटकातून आलात का वरून?" पहिल्यांदा कुणी म्हटलं तेव्हा त्याची कानशिलं तापली. पण हळूहळू त्याला एक युक्ती सापडली. लोकांनी हसायच्या आत आपण हसलं की कमी लागतं. जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच ती गोष्ट सांगू लागला. सांगता सांगता गोष्ट गुटगुटीत झाली. कुंपण उंच झालं. त्यात त्याची विजार अडकून टर्रकन फाटली, जी कधी फाटली नव्हती. आणि मुलगी? "लेक बिचारी लाजेने झाडामागे जाऊन लपली," असं तो सांगायचा, आणि तिथे हमखास हशा पिकायचा. ती जवळ येऊन काय म्हणाली आणि आपण काय उत्तर दिलं, ते गोष्टीत नव्हतं. ते तो एकटा असताना गुणगुणून झाकायचा.

मुलीने पुढच्याच वर्षी उडी मारणं सोडलं. अभ्यास आहे म्हणाली. त्याने का म्हणून विचारलं नाही, आणि विचारलं नाही याची त्याला लाजही वाटली आणि सुटल्यासारखंही झालं. घरात बापलेकीचं वाकडं असं काही नव्हतं. ती त्याला चहा द्यायची, मोबाइल बिघडला की नीट करून द्यायची, त्याच्या कोटावरचा दोरा काढून टाकायची. मोठी झाली, दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून कामाला लागली. मैदानाचा विषय मात्र दोघंही टाळत.

नवीन पंचांचं शिबिर होतं. मैदानाच्या सभागृहात लोखंडी खुर्च्या मांडलेल्या, पंखे कुरकुरत होते. सिस्टर आता काठी टेकत येत. त्यांनी नेहमीसारखं सांगितलं, "पालक अंगावर येतात तेव्हा काय करायचं, ते आमचे कुंपणराव सांगतील. या विषयातले ते दोन्ही बाजूंचे जाणकार आहेत."

तो उभा राहिला. गोष्ट आता त्याला तोंडपाठ होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज पाडायचा, सगळं. विजार फाटली, लोक हसले. "आणि आमची लेक," तो म्हणाला, "लाजेने झाडामागे..."

शेवटच्या रांगेत त्याची लेक बसली होती.

दवाखान्याच्या कपड्यांवरच, मांडीवर पिशवी. ती त्याच्याकडेच बघत होती. चेहरा रागाचा नव्हता. दवाखान्यात एखादा पेशंट सांगतो की मी रोज दात घासतो, तेव्हा ती जशी ऐकून घेत असेल, तशी ऐकत होती.

तिथेच थांबायला हवं होतं. पण सगळे आधीच हसायला लागले होते, आणि त्याच्या जिभेला सवय झाली होती. "...झाडामागे जाऊन लपली," त्याने वाक्य पुरं केलं. हशा झाला. मग काठी, मग सिस्टर, मग शेवट. टाळ्या पडल्या. कोटाच्या आत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

सुट्टीत ती बाहेरच्या नळावर बाटली भरत होती. तो जवळ जाऊन उभा राहिला.

"तू कधी आलीस?"

"सुरुवातीपासून आहे. खूप दिवस यायचं मनात होतं. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही पुढची खुर्ची धरून ठेवली असती." तिने बाटलीचं झाकण लावलं. "नेहमी अशीच सांगता?"

"लोकांना गंमत वाटते म्हणून. माझीच फजिती आहे ना ती."

"बाबा, तिथे झाड कुठे होतं?"

तो नळाच्या तोटीकडे बघू लागला.

"मी तुमच्या शेजारी उभी होते. तुमचा हात धरला होता मी."

"हो."

"आठवतं तुम्हाला?"

नाही म्हणता आलं असतं. एवढ्या वर्षांत माणूस विसरतो, कुणीही मानलं असतं. पण त्याच्याने ते झालं नाही. "शब्द न् शब्द आठवतो," तो म्हणाला.

तिने बाटली पिशवीत टाकली. "मला वाटायचं तुम्ही विसरलात. रागाच्या भरात माणूस काय बोलतो ते त्याच्या लक्षात राहत नाही, असं मी मनाशी धरून चालले होते. म्हणून सोडून दिलं होतं मी."

या बोलण्याने त्याला जेवढी लाज वाटली तेवढी त्या दिवशी दंडाला धरून बाहेर काढतानाही वाटली नव्हती. तेव्हा निदान डोक्यात राग होता. आज तेही पांघरूण नव्हतं.

"मी आता आत जाऊन सगळ्यांसमोर खरं सांगतो," तो म्हणाला. "जसं झालं तसं."

"नको."

"अगं, पण..."

"तुम्ही सांगाल, लोक हळहळतील, तुम्हाला मोकळं वाटेल. आणि मग सगळे मागे वळून मला बघतील. मला शिबिर पुरं करायचंय, बाबा. मला कुणाची मुलगी म्हणून इथे बसायचं नाही." ती पायऱ्या चढून आत गेली.

तो नळापाशीच राहिला. नळ नीट बंद झाला नव्हता, तो त्याने पिळून बंद केला, आणि तरी आत जायला पाय उचलेना. सिस्टर काठी टेकत बाहेर आल्या.

"चला, कुंपणराव. दुपारी मैदानावर दाखवायचंय ना त्यांना?"

"सिस्टर, ती गोष्ट आता मी सांगणार नाही."

"का हो?"

"माझी एकट्याची नाही ती. मागच्या रांगेत माझी मुलगी आहे."

सिस्टरनी काठी दुसऱ्या हातात घेतली. त्या दिवशी त्या पट्ट्याशेजारीच बसलेल्या होत्या. पोर काय म्हणाली आणि बाप काय म्हणाला, ते त्यांच्या कानावरून गेलेलंच होतं.

"मला वाटायचं, तिला विचारून सांगत असाल," त्या म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात, "खरं म्हणजे असं काही वाटायचं नाही. मी विचारच केला नाही. मीही हसत होते."

दुपारी त्याने नवीन लोकांना टेप कशी ताणायची, पट्टीवरचं प्लॅस्टिसिन कसं सपाट करायचं, झेंडी किती वेळ वर धरायची ते दाखवलं. मुलगी इतरांबरोबर वाकून बघत होती. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं, मग टाळतोय हे कुणाच्या लक्षात येईल म्हणून मुद्दाम बघितलं, आणि दोन्ही वेळा स्वतःलाच ओशाळला.

तिने शिबिर पुरं केलं. काम मात्र तिने उंच उडीचं मागून घेतलं, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाचं. तेही बरोबरच होतं. आता स्पर्धेच्या दिवशी दोघं एकाच बसने जातात. पुढच्या परीक्षेची तयारी म्हणून ती त्याला वाटेत प्रश्न विचारते. परवा त्याने एक उत्तर ठामपणे दिलं आणि ती म्हणाली, "तो नियम बदललाय, बाबा. तुमचं पुस्तक जुनं आहे." पुढच्या सीटवरचा माणूस वळून हसला. बाप म्हणाला, "मग नवीन दे मला वाचायला," आणि तिने पिशवीतून काढून दिलंही.

घरी बायकोला यातलं काय माहीत आहे, हे त्याला अजून नक्की कळलेलं नाही. तिने एकदाच विचारलं, "हल्ली ती कुंपणाची गंमत सांगत नाही कुणाला?" तो म्हणाला, "जुनी झाली." ती त्याच्याकडे बघत राहिली आणि कोट दारामागे टांगायला गेली.

मैदानावर त्याला अजून कुंपणरावच म्हणतात. नाव काही परत देता येत नाही. नवे लोक गोष्ट सांगा म्हणून मागे लागतात, तेव्हा तो टेप गुंडाळायचं निमित्त करतो. जेवणाच्या सुट्टीत उंच उडीकडची मंडळी सावलीत बसतात. तिथून कधी कधी हसण्याचा आवाज येतो, त्यात त्याच्या मुलीचाही असतो. कशावरून हसताहेत हे त्याला एवढ्या लांबून ऐकू येत नाही. तो डबा उघडून बसतो आणि घास हातात धरून ऐकत राहतो.