वाहतंय की थांबलंय?

आमच्या घरात आजवर मतभेद झालेले नाहीत. अप्पांचं मत सांगून होईपर्यंत आम्ही आमचं बनवतच नाही!

अप्पा म्हणजे माझे वडील. चेन्नईजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात त्यांनी इन्स्पेक्टर म्हणून सारी नोकरी काढली. समोर आलेला भाग बघायचा आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. निवृत्तीनंतर तेच काम त्यांनी घरी आणलं. (माझी बायको सुधा चेन्नईचीच, तंजावरकडच्या मराठी घरातली. तिला बघायला गेलो तेव्हा 'पास' अप्पांनी म्हटलं. मी नुसता लाजलो.)

मग आई विसरायला लागली. आधी कॉफीतली साखर, मग शेजाऱ्यांची नावं. एकदा आवडी स्टेशनाबाहेर थांबून तिनं मला विचारलं, "आपण राहतो कुठं रे?" डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि तो बरा करणारं औषध अजून सापडलेलं नाही, हेही सांगितलं. मी फार घाबरलो.

मी इरुंगाट्टुकोट्टैला एका कारखान्यात मॅनेजर आहे, पण माझं खरं कौशल्य मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडण्याचं. तसलेच गेम शोधताना मला संशोधकांनी बनवलेला एक गेम सापडला, तोही आईच्याच आजारावरचा! आजारी उंदराच्या मेंदूतल्या बारीकशा रक्तवाहिनीची फिल्म दिसते. रक्त वाहतंय की थांबलंय, एवढंच सांगायचं. एकच फिल्म अनेकांना दाखवतात आणि सगळ्यांच्या मतांवरून उत्तर ठरवतात. सुरुवातीला आणि मग मधूनमधून उत्तर ठाऊक असलेल्या फिल्म टाकून आपली नजरही तपासतात. माझ्या गोळ्या फोडण्याचं सार्थक होणार होतं! मी चौघांच्याही फोनवर तो गेम घातला.

संध्याकाळी कॉफी झाल्यावर बसलो. अप्पा मधल्या खुर्चीत. सुधानं आपला फोन त्यांच्यापुढे धरला.

"थांबलंय! रिजेक्ट!"

सुधानं 'थांबलंय' दाबलं. मग मी माझा धरला. रक्त चांगलं पळत होतं.

"थांबलंय!"

मीही 'थांबलंय' दाबलं. पटापट लाल फुल्या पडू लागल्या, आमची नजर मोजणारी पट्टी पार तळाला गेली.

"अप्पा, प्रत्येकानं आपापलं बघायचं असतं," मी धीर करून म्हणालो. "चार माणसांची चार मतं हवीत त्यांना."

"चार कशाला? बरोबर असलेलं एक पुरे!"

"अय्यो, मामंजी चुकतील का?" सुधा म्हणाली. "ते उंदीरच बरोबर नसतील!"

एवढ्यात अप्पा आईच्या फोनवर वाकले. "थांबलंय. दाब."

आई बघत राहिली. "वाहतंय की."

हातातला फोन खाली ठेवायलाही सुधाला धीर होईना.

"थांबलंय म्हणतोय ना मी!"

"तुमचं तुम्ही बघा हो. माझं वाहतंय." आणि तिनं दाबलं. हिरवी खूण! पुढचीही हिरवी. त्याच्या पुढचीही! अप्पा प्रत्येक वेळी "थांबलंय" म्हणत होते आणि आई त्यांच्याकडे न बघता आपलं उत्तर देत होती. साडीचा रंगसुद्धा कधी स्वतः न निवडलेली माझी आई! मला हसू आवरेना.

"पोदुम! पुरे!" म्हणून अप्पा उठले आणि बाल्कनीत गेले.

चिडले असणार म्हणून मी मागोमाग गेलो. ते कठड्याला धरून उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

"मला घाबरायचं, हेसुद्धा विसरली रे ती," ते म्हणाले.

आत आईचा आनंदी आवाज येत होता, "सुधा, हे बघ, हेही वाहतंय!" आजारानं तिचं इतकं काही नेलं, आणि त्याबरोबर ही भीतीही नेली. मला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

"खरं सांग," अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले. "मी इतका कडक होतो का रे? तुझं मत सांग. तुझं स्वतःचं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला माझं मत विचारलं होतं! मी खोल श्वास घेतला, ताठ उभा राहिलो आणि ठामपणे म्हणालो,

"तुम्ही म्हणाल तसं, अप्पा."