पाहुणा किती दिवसांचा?

अमेरिकेत, ईडन प्रेरीत आमच्याकडे गणपती बसले की ऑफिसमधला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, हत्तीचं डोकं का? सांगून सांगून मी पार वैतागले होते. २००४ साली आई पुण्याहून आली होती आणि शेजारी सैबेरियातली एक बाई राहायला आली होती, खांती जमातीची. अख्ख्या मिनेसोटात तिची भाषा बोलणारं दुसरं कुणी नसावं, म्हणून झाडांना पाणी घालताना ती स्वतःशीच बोलायची.

आईने तिला दर्शनाला बोलावलं. ती बाप्पासमोर उभी राहिली, खांतीत त्याच्याशी हळूच काहीतरी बोलली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने मला विचारलं, "पाहुणा किती दिवसांचा?"

मी तिला मिठीच मारली!

मग तिने सांगितलं, त्यांच्याकडे शिकार केलेलं अस्वल असंच मानाने बसवतात. त्याला अस्वल म्हणत नाहीत, म्हातारबाबा म्हणतात. समोर खाऊ ठेवतात, त्याची गाणी गातात. नर असेल तर पाच दिवस, मादी असेल तर चार.

मी आईला सगळं मराठीत सांगितलं, शिकार तेवढी गाळली. आई एकदम खूश. "अगं विचार तिला, विसर्जन कुठे करतात?"

मी विचारलं.

"खातो की आम्ही," ती इंग्रजीत म्हणाली आणि हसत हसत तिने पोटावरून हात फिरवला.

"बघ, भूक लागलीय बिचारीला," आई म्हणाली. "आधी मोदक वाढ, मग विचार."

मी मुकाट्याने चार मोदक वाढले. पुन्हा काही विचारलं नाही.