उष्ट्या पेरूंचं झाड

१९७२ च्या डिसेंबरमध्ये, कोल्हारजवळच्या आमच्या पेरूच्या बागेत, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी पहिल्यांदा बोलली. तिला चौथं वर्ष लागलं होतं. ती काय बोलली, हे पुढे घरात ज्याने त्याने आपापल्या परीने सांगितलं. मी तेव्हा कॉलेज सोडून घरी आलो होतो आणि त्या प्रसंगी हजर होतो.

बहीण दिवाळीच्या आधीपासून माहेरी होती. तिचं सासर पाथर्डीकडे. त्या वर्षी तिकडे पाऊस नव्हता, माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला बाहेर पडली होती, पण तिला पाठवण्याचं कारण ते नव्हतं. सासऱ्यांचा निरोप होता की, पोरीला वाचा फुटेपर्यंत दोघींना तिकडेच राहू द्या. मागाहून एका नातेवाइकाने एसटी स्टँडवर वडिलांना उरलेली माहिती दिली. पोरगी मुकी निघाली तर जावयासाठी दुसरी सोयरीक बघायची, असं घाटत होतं. बहिणीला हे कोणी सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं.

उपाय सुरू झाले. आई रोज सकाळी वेखंड मधात उगाळून भाचीच्या जिभेवर लावी. श्रीरामपूरच्या एका डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे टाळी वाजवली. ती वळली.

"कान चांगले आहेत. बोलेल," डॉक्टर म्हणाले.

"कधी?" आईने विचारलं.

"ते तिला विचारा."

घरात सगळे तिच्याशी तोडून तोडून बोलत. आ-ई. मा-मा. पा-णी. ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघे आणि तोंड थांबलं की निघून जाई.

पोपटाने चोच मारलेलं फळ मुलाला चारलं की जीभ सुटते, असं आमच्या भागात मानतात. आमच्याकडे पेरूचा बहार होता आणि पोपटांचे थवे होते, त्यामुळे हा उपाय सोपा वाटला. रानातला पोपट कुठे बोलतो, अशी शंका मी काढली.

"तुला कुणी विचारलं?" आई म्हणाली.

अडचण वेगळीच होती. पोपट फळांवर बसू नयेत म्हणून बागेत राखण ठेवलेली होती. राखणीला एक म्हातारी होती. तीही पाथर्डीकडचीच, दुष्काळात मुलाबरोबर आलेली. मुलगा खडी फोडायला जाई. तिच्याच्याने हातोडा उचलवत नव्हता, म्हणून ती आमच्याकडे रिकामा डबा आणि काठी घेऊन बसे. वडिलांनी तिला विहिरीजवळचं एक झाड दाखवलं आणि त्याच्यावरचे पोपट हाकायचे नाहीत, असं सांगितलं.

"मंग मला ठिवलंय कशाला?" म्हातारी म्हणाली.

"बाकीची झाडं राखायला."

"आन् पाखरांना कोन सांगनार, की हेच झाड तुमचं म्हनून?"

पाखरांना कोणी सांगितलं नाही. ती विहिरीजवळच्या झाडावर जमत आणि तिथून शेजारच्या झाडांवर पसरत. म्हातारीचं काम दुप्पट झालं. ती डबा बडवी आणि ओरडे, "मुडदा बशिवला तुमचाऽऽ! खाऊन खाऊन फुगल्यात मेलेऽऽ!" पाथर्डीकडच्या बोलण्याला एक हेल आहे. वाक्याचा शेवट ओढून वर नेतात आणि तिथेच सोडून देतात. म्हातारीचा हेल विहिरीपलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू जाई.

उष्टा पेरू पडल्या पडल्या खायला हवा, असा आईचा नियम होता. त्यामुळे भाचीला सकाळी त्या झाडाखाली नेऊन बसवत आणि उन्हं कलल्यावर आणत. म्हातारी तिच्याशी बोलत नसे. ती पोपटांशी बोले.

असे काही आठवडे गेले. एका दुपारी बहीण म्हातारीची भाकरी पाटीत घेऊन बागेत आली. मी विहिरीवर, मोटेच्या धावेवर उभा होतो. म्हातारीने पहिला घास तोंडात घातला तोच शेजारच्या झाडावर थवा उतरला. तिला ओरडता येईना. भाची उठली, हात वर केला आणि म्हणाली, "मुददा बतिवला तुमताऽऽ!"

पोपट उडाले. बहीण पाटी हातात घेऊन तशीच खाली बसली.

"परत म्हण गं, बाळा."

भाची परत म्हणाली नाही. घरी नेल्यावर आईने, वडिलांनी, मी विनवण्या केल्या. ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. पुढच्या आठवड्यात ती बरंच बोलली, पण फक्त बागेत आणि फक्त पोपटांशी. वडिलांनी तरीही पाथर्डीकडे जाणाऱ्या एकाबरोबर निरोप धाडला. पोरगी बोलती झाली, येऊन ऐकून जा. काय बोलते, ते कळवलं नाही.

बहिणीचे सासरे आले. धिप्पाड, कमी बोलणारा माणूस. त्यांना ओसरीवर बसवलं, चहा झाला. भाचीला नवा झगा घालून समोर उभं केलं.

"आज्जा म्हण," आई म्हणाली. "आ-ज्जा."

भाचीने आईच्या तोंडाकडे बघितलं.

"काल लई बोलत हुती," वडील म्हणाले.

"आसंल," सासरे म्हणाले. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि फेटा चापून बसवला. "बघितलं. येतो मी."

बहीण आतापर्यंत दाराआड होती. ती पदर घेऊन बाहेर आली.

"मामंजी, बागेत चला."

"बागेत काय हाय?"

"ती तिथं बोलती."

सासऱ्यांनी वडिलांकडे बघितलं. वडिलांनी जमिनीकडे बघितलं. आम्ही सगळे बागेत गेलो. इतकी माणसं बघून पोपट येईनात. म्हातारीला गप्प राहायला सांगितलं होतं. ती डबा मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ गेला. सासरे दोनदा म्हणाले, "गाडी चुकंल." मग थवा उतरला. भाची दोन पावलं पुढे गेली आणि तिने पोपटांना ते ऐकवलं. पोपट उडाले. त्यानंतर ती वळली, आजोबांकडे मान वर करून बघितलं आणि तेच त्यांनाही ऐकवलं, शेवट वर नेऊन.

आईने डोक्याला हात लावला.

"कुनी शिकिवलं हे?" सासऱ्यांनी विचारलं.

म्हातारीने डबा खाली ठेवला.

"मी न्हाई शिकिवलं बाबा. मी पाखरांना म्हनते."

"कुठल्या तुमी?"

म्हातारीने गाव सांगितलं. सासऱ्यांच्या गावापासून ते दोन कोसांवर होतं. विहिरीला पाणी राहिलं का, जनावरं कुठे धाडली, असं दोघांचं थोडं बोलणं झालं. मग सासरे भाचीपुढे उकिडवे बसले.

"म्हन परत."

ती म्हणाली.

"आमची आय आशीच वरडायची," ते वडिलांना म्हणाले. "हाच हेल. मला वाटलं, हितं राहून पोरगी तुमच्यावानी बोलंल."

"मग, पाव्हणं?" वडिलांनी विचारलं.

सासरे उठले. ते सुनेला म्हणाले, "आवर. दुपारची गाडी हाय."

बहिणीने लुगड्यांचं गाठोडं बांधलं. आईने पाटीभर पेरू दिले, त्यातले वरचे चोच मारलेले. म्हातारीने बागेतूनच हात केला. कोल्हारच्या स्टँडवर तिघं नगरच्या एसटीत बसली. दुसऱ्या सोयरिकीची बातमी त्यानंतर आमच्या कानावर आली नाही.

भाची खिडकीशी होती. वडील खालून म्हणाले, "येते म्हण." गाडी सुटेपर्यंत ती काही बोलली नाही.