सोवळ्यातलं छत

"आवाज बाहेर जाऊ नये म्हणून करताय ना हे सगळं?" मागच्या खोलीचं काम निघालं तेव्हा सोसायटीतल्या निदान दहा जणांनी मला हे विचारलं. विचारताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद होता. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "नाही. तुमचा आवाज आत येऊ नये म्हणून करतेय."

माझा आवाज मोठा आहे. जाडही आहे, फोनवर लोक मला अजून 'सर' म्हणतात. माझं माहेर पंचवटीतलं, यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या उपाध्यांचं. वडील घाटावर संकल्प सांगू लागले की पलीकडच्या काठावर ऐकू जायचं. तो गळा आम्हा तिघा भावंडांत एकट्या माझ्याकडे आला. भावांचे आवाज चिरके, तरी घाटावर बसले ते. मला मात्र सांगण्यात आलं की मुलीच्या जातीने हळू बोलावं. मग तीस वर्षं मी एका विमा कचेरीत काउंटरमागे बसून हळू बोलले. त्याचा मला आजही राग आहे आणि तो मी लपवत नाही.

निवृत्तीनंतर मी ऑडिओबुकं वाचायचं ठरवलं. पुण्याच्या एका प्रकाशनाने नमुना मागवला. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये चारी बाजूंनी गोधड्या टांगून मी तो वाचला आणि पाठवला. उत्तर आलं: वाचन स्वच्छ आहे, पण मागे धप्प धप्प ऐकू येतं. महिन्याभरात खोलीची व्यवस्था करून पुन्हा पाठवा, नाहीतर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

धप्प धप्प म्हणजे वरच्या मजल्यावरच्या वहिनी. त्या सायखेड्याच्या. मिक्सरमधला मसाला त्यांच्या घशाखाली उतरत नाही, त्यामुळे रोज खलबत्ता. नवरा म्हणाला, "त्यांना सांगून बघ ना, जरा हळू कुटा म्हणून." मी म्हटलं, मरेन पण कुणाला 'हळू' म्हणणार नाही.

म्हणून छत. स्लॅबखाली दुसरं छत टांगायचं, तेही रबर बसवलेल्या हँगरांवर. मधल्या पोकळीत आवाज शोषणारी दगडी लोकर, म्हणजे रॉकवूल, खालून जिप्सम बोर्डाचे दोन थर. कडेने भिंतीला न टेकता बोटभर फट सोडायची आणि ती फक्त मऊ, रबरासारख्या सीलंटने भरायची. कुठेही काही कडक लागलं की खलबत्ता त्या वाटेने खाली उतरणार. हे सगळं मी व्हिडिओ बघून बघून पाठ केलं होतं.

मिस्त्री मिळाले पिंपळगावचे. त्यांनी आयुष्यभर द्राक्षांची कोल्ड स्टोरेजं बांधलेली. हाताला सफाई अशी की दोन बोर्डांमधला जोड शोधून सापडू नये. पण फटीवरून आमची रोज जुंपायची. "ताई, फट म्हंजी चोर," ते म्हणायचे. "एवढ्याशा फटीतनं गारवा पळून जातो, सगळ्या मालाची वाट लागती." मी म्हणायचे, "मिस्त्री, इथे द्राक्षं नाहीत, मी आहे." ते हो हो म्हणत मान डोलवायचे.

शेवटच्या दिवशी मी बाजारातून परतले तर फट नव्हती. चारही कडा पीओपीने लिंपून, घोटून, वर नाजूक गोलाई काढलेली. मिस्त्री लाजत म्हणाले, "तुमच्यासाठी म्हून केलं. तशी फट ठेवून गेलो आसतो तर लोक म्हणले आसते, याला काम येत नाय."

तेवढ्यात वर कुटणं सुरू झालं. मी हेडफोन लावले. धप्प धप्प, जसंच्या तसं. स्टुलावर चढून कडेला तळहात टेकवला तर प्रत्येक घावाला छत थरथरत होतं. मुदत संपायला चार दिवस होते.

मग मी तोंड सोडलं. त्या खोलीत पूर्ण आवाजात मी पहिल्यांदा जे बोलले ते छापण्याजोगं नाही. मिस्त्रींचा चेहरा उतरला. "येवढं चांगलं काम फोडायचं?" त्यांना खरंच कळत नव्हतं आणि माझ्याकडची व्हिडिओतली भाषा संपली होती. रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं, "अहो, हे छत सोवळ्यात आहे! भिंतीने, स्लॅबने, कुणीच त्याला शिवायचं नाही. तुम्ही भिंत शिववलीत, आता सगळा विटाळ झाला."

मिस्त्री वर बघत राहिले. "मंग त्ये रबर?"

"लोकरीच्या धाबळीला कुठे विटाळ असतो? तसं रबराचं."

"आसं पहिल्या दिशीच सांगायचं ना, ताई," ते म्हणाले आणि स्वतःच छिन्नी घेऊन चढले. दोन दिवस ते एका बाजूने खरवडत होते, मी दुसऱ्या बाजूने सुरी घेऊन.

सोवळ्याने मला जन्मभर लांब ठेवलं. महिन्यातले चार दिवस कोपऱ्यात बसवलं, वडील शिकवायला बसले की दाराआड उभं केलं. तेच सोवळं एकदा माझ्या बाजूने राबलं याचा मला मनापासून आनंद झाला. आईला हे ऐकून काय वाटलं असतं याचा विचारही मी केला नाही.

सीलंट भरून झाल्यावर मी जिन्यातून ओरडले, "वहिनी, कुटा जोरात!"

वरून ओरडून उत्तर आलं, "आवो, कव्हाची कुटतेय मी!"

नमुना पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मागचा आवाज पूर्ण गेला, फार छान. फक्त वाचन थोडं हळू, थोडं बायकी करता आलं तर बघावं.

पुस्तक जाईल ही भीती होती, खोटं कशाला बोलू. पण दहा मिनिटांनी मी लिहिलं, "नाही. आवाज हाच आहे." खाली नमस्कारही घातला नाही. मग आत जाऊन दार लावलं, वडील घाटावर बसायचे तशी मांडी घातली आणि पहिलं प्रकरण भर आवाजात वाचून त्यांना पाठवून दिलं.

पुस्तक त्यांनी काढून घेतलं नाही. सध्या सातवं प्रकरण चालू आहे. काढून घेतलं असतं तरी मी ते शेवटपर्यंत वाचलंच असतं.