दीपमालाची मुक्कामी गाडी

"पंखा बंद पडला का नाही? आता मुकाट्यानं हार मान!" पंजाबराव अंगणातल्या खुर्चीतून गरजले.

"बंद पडला नाही बाबा, उपाशी हाय," फाटकाबाहेर उभ्या व्हॅनमधून दीपमालाचा आवाज आला. "बॅटरीच्या पोटात काल काही गेलंच नाही."

"बोली काय झालती आपली?"

"घरातून वायर न घेता व्हॅनमधला पंखा चालवून दाखवाचा."

"चालला का?"

"चालीन!"

"चालीन नको सांगू मले. चालला का?"

दीपमाला व्हॅनमधून पाठमोरी खाली उतरली, ओढणी कमरेला खोचत. यवतमाळच्या त्या भागातली दोन पिढ्यांची पोरं तिनं याच व्हॅनमधून शाळेत पोचवली होती. शाळेनं स्वतःची बस घेतली आणि व्हॅन रिकामी झाली. 'विकून टाक,' असं सगळ्यांनी सांगितलं. हिनं मागची बाकडी काढली, फळ्या ठोकून पलंग केला, जाळीचे पडदे लावले, छोटा पंखा बसवला, आणि जाहीर केलं, "मी फिराले चालली."

"कुठं?"

"आधी नेर. मग बोरी अरब. मग रस्ता नेईन तिकडं."

"काय कराले?"

"पाहाले."

पाहायला! कामाशिवाय बाईमाणूस गावोगाव हिंडतं, हे पंजाबरावांच्या डोक्यात मावत नव्हतं. तसं या पोरीचं काहीच त्यांच्या डोक्यात मावलं नव्हतं. लग्न होऊन अमरावतीला गेली आणि दुसऱ्या वर्षी पेटी घेऊन परत आली. का आलीस, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "गाडीले रिव्हर्स गिअरही असते." त्यानंतर कोणी विचारलं नाही.

तर आता पंखा. ऊन असं की व्हॅन निंबाच्या सावलीतच ठेवावी लागे, आणि पंख्याची बॅटरी भरणाऱ्या सोलरला तर ऊनच हवं. म्हणून तिनं पेटीसारखं मिटणारं, हातात धरून नेता येईल असं सोलर आणलं होतं. गाडी सावलीत, सोलर उन्हात, मध्ये लांब वायर. काल ते मोरीमागच्या मोकळ्या जागेत विटेच्या टेकूवर नीट तिरपं मांडून ती बाजारात गेली होती. मग अडलं कुठं?

वायर चाचपत चाचपत ती मोरीमागे गेली. आणि तिथून अशी हाक आली की निंबावरचे कावळे उडाले.

"मायऽऽ!"

"ओरडू नको," नलूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "ओल्या हायेत अजून."

सोलरवर पांढरं धोतर अंथरलेलं आणि त्यावर कुरडया. चांगल्या ओळीनं मांडलेल्या, गोल गोल.

"याच्यावर कायले टाकल्या वं माय?"

"मंग कुठं टाकू? गच्चीवर माकडं येतात. हे कसं सपाट हाय, सोच्छ हाय, तव्यावानी तापते. अन् तूच म्हणे ना, हे ऊन खाते? म्हटलं खाऊ दे, संगं कुरडयाबी वाळतीन."

"अन् वीट?"

"वीट काढली. घसरल्या असत्या ना."

पंजाबराव खुर्चीत मागे रेलून खदाखदा हसले. "घ्या! सोताच्या घरात हे हाल. रस्त्यावर तं कोणी चड्ड्या वाळू घालीन!"

"घालू द्या. काढून फेकीन."

तिनं धोतराची चारही टोकं धरून कुरडया बाजेवर ठेवल्या, काचेवर चिकटलेला चीक ओल्या फडक्यानं पुसला, वीट परत खाली सरकवली. पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर येत होती, तेवढं सोलर पुढं ओढलं. व्हॅनमध्ये बॅटरीजवळच्या डबीवर चार्जिंगचा हिरवा दिवा लागला. तिनं पंखा सुरू केला नाही. बॅटरीला आधी जेवू दिलं. ऊन डोक्यावर आल्यावर तिनं बटण दाबलं आणि पंखा फिरायला लागला. जाळीचे पडदे फुगले.

"बाबा, या. हवा खाऊन जा."

पंजाबराव उठले नाहीत. "पंखा चालला म्हणजे काय झालं? बोली पंख्याची होती. जाण्याची कोणं केली?"

"अस्सं! म्हणजे पंखा चालो का न चालो, मी घरीच?"

"बाईमाणूस एकटी, कोण्याही गावात रातची झोपन?"

"तुम्ही नाही झोपले? एसटीची मुक्कामी गाडी घेऊन गेले की टपावर चादर टाकून झोपत जात. सकाळी येऊन कोण्या गावचं चांदणं कसं होतं ते सांगत जात. मी दाराआड बसून ऐको."

"मी गडी माणूस होतो!"

"चांदण्याले काय माहीत खाली गडी हाय का बाई?"

नलूबाईंना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण पंजाबरावांनी पाहिलंच. "तू हास! तुह्याच लाडानं शेफारली हे."

दीपमालानं पंखा बंद केला. सोलरची वायर सोडवली, कोपर आणि अंगठ्यात गुंडाळली. सोलरचे दोन्ही पाट पेटीसारखे मिटले, कडी लावली. पंजाबराव आता उभे राहिले होते. आवाज एकदम खाली आला होता.

"अन् काही झालं तं? कोणाले हाक देशीन? …पोरी, मी काय इचारून राह्यलो?"

तिनं सोलर उचललं, फाटकाबाहेर जाऊन व्हॅनमध्ये ठेवलं आणि नेरच्या रस्त्याला लागली.